प्रश्नावलीचा तिसरा अनुवाद

वऱ्हाडातील मानसिक स्वास्थ्याच्या संशोधनाविषयी एक भाषिक विचार

मनुष्याच्या मनःस्थितीचे मापन करावयाचे तर संशोधकाजवळ साधन एकच असते. ते म्हणजे प्रश्न. ताप मोजण्यास पारा आहे, रक्तदाब मोजण्यास यंत्र आहे. परंतु विषाद मोजावयाचा तर विचारावे लागते आणि उत्तरावर विश्वास ठेवावा लागतो. अर्थात अशा संशोधनाचे उपकरण हे भाषेचेच बनलेले असते. असे असूनही या संशोधनाची जी चिकित्सा होते ती प्रायः संख्याशास्त्राच्या अंगाने होते. उपकरण ज्या द्रव्याचे बनले आहे त्या द्रव्याची परीक्षा क्वचितच होते. ती परीक्षा वऱ्हाडातील एका महत्त्वाच्या संशोधनाच्या निमित्ताने करून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

हे संशोधन म्हणजे ‘विश्राम’ या नावाने अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत राबविला गेलेला कार्यक्रम. ‘विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून हा मराठी शब्द साधला आहे. त्याचे फलित राहुल शिधये, विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्याकरवी विषादग्रस्तांपर्यंत पोहोचावयाचे, त्यांना धीर द्यावयाचा व गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पाठवावयाचे, अशी ही योजना होती. विषादग्रस्त ठरलेल्या व्यक्तींपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण आरंभी शेकडा ४.३ होते, अठरा महिन्यांनी ते २७.२ झाले. ज्या जिल्ह्याचे नाव दोन दशके शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून येत राहिले, त्या जिल्ह्यात हे घडले ही गोष्ट सामान्य नव्हे. या कार्याची थोरवी मान्य करूनच पुढील शंका मांडावयाच्या आहेत.

तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरची गावे घेतली नव्हती, हा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ घेतीलच. मला निराळ्या ठिकाणी अडखळावयास होते. वरील शेकडेवारी हा एक अपूर्णांक आहे. त्याचा अंश म्हणजे उपचार घेणारे लोक. दवाखान्यात जाणे ही कृती आहे. ती घडली की नाही हे सांगण्यात भाषेचा अडसर फारसा नाही. परंतु छेद म्हणजे विषादग्रस्त ‘ठरलेले’ लोक. आणि ते ठरतात ते प्रश्नावलीच्या उत्तरांवरून. अंश कृतीचा व छेद बोलण्याचा, असा हा अपूर्णांक आहे. म्हणून छेदाकडे भाषाभ्यासकाने लक्ष देणे अगत्याचे ठरते.

२

येथे वापरलेली प्रश्नावली जगभर ‘पीएचक्यू-९’ या नावाने ओळखली जाते. क्रोएन्के, स्पिट्झर व विल्यम्स या अमेरिकन संशोधकांनी २००१ साली तिची सिद्धता प्रसिद्ध केली. तिच्यात नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे विचारावयाचे आणि मुळीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून अधिक दिवस, जवळजवळ रोज, या चार उत्तरांना शून्य ते तीन गुण द्यावयाचे. सत्तावीसपैकी दहा वा अधिक गुण झाले की व्यक्ती विषादग्रस्त असण्याचा संभव धरावयाचा. प्रश्नावली सुटसुटीत आहे, फुकट उपलब्ध आहे, आणि तिच्यामुळे अमरावतीची तुलना अन्य देशांशी करता येते. हे गुण अल्प नव्हेत.

अशी प्रश्नावली मराठीत आणताना मान्य पद्धत अशी की, एकाने इंग्रजीतून मराठी करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे, आणि दोन्ही इंग्रजी मसुदे जुळवून पाहावेत. ब्रिस्लिन यांनी १९७० साली या उलट-अनुवादाच्या पद्धतीला शास्त्रीय बैठक दिली. पण तिची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. दोन्ही अनुवादक इंग्रजी शिकलेले असतात. ‘रस वाटणे’ हा शब्दप्रयोग इंग्रजीच्या छायेत घडलेला आहे हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे तो निर्विघ्नपणे जातो आणि तसाच परत येतो. या परीक्षेने सिद्ध काय होते? तर दोन सुशिक्षितांना एकमेकांचे मराठी समजते, इतकेच. ओसरीवर बसलेल्या बाईला ते समजते की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

वास्तविक तेथे तिसरा अनुवाद होतो. वलगाव हे अमरावती-परतवाडा रस्त्यावरचे, पेढी नदीकाठचे गाव. काही वर्षांपूर्वी तेथे एका आप्ताच्या घरी बसलो असता, अशाच कोणत्या तरी पाहणीची कार्यकर्ती शेजारच्या वृद्ध बाईंना प्रश्न विचारीत होती. ‘कोणतीही गोष्ट करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही, असे किती दिवस झाले?’ असे तिने कागदावरून वाचले. बाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. तेव्हा कार्यकर्तीने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, “तुमाले करमते का नाई, मावशी?” बाई तत्काळ उत्तरल्या, “करमते काय बाप्पा! पोरगा पुण्याले गेला तवापासून घर खायाले उठते.” कार्यकर्तीने कागदावर खूण केली आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

ती खूण पुढे आकडा झाली असेल. पण ज्या वाक्याने उत्तर मिळविले ते वाक्य कोठेही नोंदले गेले नाही. इंग्रजीतून प्रमाण मराठी हा पहिला अनुवाद, मराठीतून परत इंग्रजी हा दुसरा, आणि प्रमाण मराठीतून वऱ्हाडी हा तिसरा. पहिल्या दोहोंची शास्त्रीय निबंधांत साक्षेपाने नोंद होते. ज्यावर प्रत्यक्ष उत्तर अवलंबून असते तो तिसरा अनुवाद मात्र अलिखित राहतो; आणि ज्या कार्यकर्तीने तो केला, तिने नियम मोडला असेच पुस्तकी दृष्टीने म्हणावे लागते.

३

या तिसऱ्या अनुवादात काय बदलते ते थोडे तपशिलाने पाहू.

पहिली गोष्ट व्याकरणाची. मराठीत मनाच्या अवस्था बहुधा माणूस ‘करीत’ नाही. त्या त्याला ‘होतात’ अथवा ‘येतात’. मला वाईट वाटते, मला भीती वाटते, मला करमत नाही, अशा वाक्यांत अनुभव घेणारा चतुर्थीत असतो. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीच्या ज्या बोलींची नोंद आहे त्यांत वऱ्हाडीही आहे. तिच्यात ही चतुर्थी ‘-ले’ प्रत्ययाने होते: मले करमत नाई, माह्या जीवाले बरं वाटत नाई. प्रश्नावलीचा सहावा प्रश्न मात्र असा की, आपण अपयशी आहोत, आपण घरच्यांना खाली पाहावयास लावले, असे तुम्हांला वाटते काय? येथे माणसाला कर्त्याच्या, किंबहुना आरोपीच्या जागी उभे राहावे लागते. कर्ज थकलेल्या घरचा कर्ता पुरुष परक्यासमोर या वाक्याला ‘हो’ म्हणणे कठीण. ‘यंदा पिकानं दगा देल्ला’ असे तो म्हणेल. त्याचे दुःख तेच असेल. पण त्याच्या वाक्याचा कर्ता पीक असेल, आणि त्याच्या नावावर गुण पडेल शून्य.

दुसरी गोष्ट शब्दांची. वैद्यकाच्या ‘डिप्रेशन’ला आपण नैराश्य, औदासीन्य, विषाद, अवसाद असे नाना प्रतिशब्द योजतो. नैराश्यात केवळ आशेचा अभाव आहे. उदास होणे ही संतांच्या मराठीत साधकाची पायरी आहे. विषाद म्हटले की गीतेचा पहिला अध्याय आठवतो, आणि तेथे विषाद ही ज्ञानाची प्रस्तावना आहे. अवसाद तर पुस्तकाबाहेर पडतच नाही. उलट ‘करमणे’ हे क्रियापद पाहा. ते प्रायः नकारानेच वापरले जाते. कशातही मन न लागणे, वेळ अंगावर येणे, आवडीची गोष्ट नावडती होणे, हे सारे त्या नकारात सामावते. प्रश्नावलीच्या पहिल्या प्रश्नाला जे विचारावयाचे आहे, त्याच्या अगदी निकट हा शब्द जातो. परंतु त्यापासून भारदस्त नाम होत नाही, म्हणून तो परिभाषेत येऊ शकला नाही.

‘जीव’ या शब्दाचे उदाहरण याहून नाजूक आहे. नवव्या प्रश्नात मरणाच्या विचाराची चौकशी आहे. पण ‘जीव नकोसा झाला’ हे वऱ्हाडात वैशाखाच्या उन्हालाही म्हणतात आणि रडणाऱ्या पोरालाही. हे वाक्य अक्षरशः धरले तर निरोगी माणूस रोगी ठरेल. उलटपक्षी ज्याने खरोखरीच निश्चय केला आहे, तो पुष्कळदा ‘आता कायी टेन्शन नाई’ असे म्हणून मोकळा होईल. कोणत्या सुरात म्हटले, कोणाजवळ म्हटले, हे ओळखणारा कान त्या कार्यकर्तीचा असतो. कागदाला कान नसतो.

तिसरी गोष्ट ऋतूची. झोप लागत नाही काय, थकवा वाटतो काय, हे प्रश्न सरळ वाटतात. परंतु शेतीच्या पंपाला वीज रात्रीची मिळत असेल तर ओलितासाठी रात्रीच उठावे लागते. पीक भरात आले की रानडुकरांसाठी जागल करावी लागते. अशा पंधरवड्यात विचारलेला झोपेचा प्रश्न मनाइतकाच विजेच्या वेळापत्रकाचाही असतो. पेरणीपूर्वी पावसाची वाट पाहत असलेल्या गावाचे गुण आणि कापूस घरात आलेल्या गावाचे गुण ताडून पाहताना हे विसरून चालणार नाही.

४

येथे एक गंभीर शंका निघते. ‘विश्राम’सारख्या कार्यक्रमाचे एक अंग लोकशिक्षणाचे असते. मनाचा आजार म्हणजे काय, त्याची लक्षणे कोणती, ती कोणत्या शब्दांत सांगावी, हे गावाला शिकविले जाते. अठरा महिन्यांनी त्याच गावांत प्रश्नावली जाते तेव्हा ती आता परिचित झालेल्या भाषेत बोलते. विषादाचे प्रमाण शेकडा १४.६ वरून ११.३ वर आले, असे हा निबंध सांगतो. यात दुःख किती कमी झाले आणि ते सांगण्याची रीत किती बदलली? बदल दोन्ही दिशांनी संभवतो. शब्द मिळाल्यामुळे अधिक लोक ‘हो’ म्हणतील, किंवा शब्दाचे वजन कळल्यामुळे अधिक लोक ‘नाही’ म्हणतील. तिसरा अनुवाद नोंदलेला नसल्यामुळे याचा निवाडा करण्याचे साधन आपल्याजवळ उरत नाही. निष्कर्ष खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो तपासून पाहण्याची वाट बंद आहे, एवढेच म्हणणे आहे.

शब्दाने माणसाचे वर्गीकरण होते, याचा कठोर अनुभव वऱ्हाडाने घेतलेला आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपये साहाय्य देताना शासनाच्या कागदांत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन शब्द आले. जमीन नावावर होती काय, मान्य संस्थेचे कर्ज होते काय, वसुलीचा तगादा होता काय, यांवरून पात्रता ठरू लागली, आणि बोलीत ‘अपात्र आत्महत्या’ हा अघोर सामासिक प्रयोग रूढ झाला. सरकारी कागद मनाची चौकशी करीत नाही, वैद्यकीय कागद सातबाऱ्याची करीत नाही. मनुष्याचे वाक्य मात्र एकच असते, आणि त्यात जीव, कर्ज, पाऊस व पोरीचे लग्न ही सारी एकत्र नांदत असतात.

योजनांच्या नावांतही हाच पेच दिसतो. राज्यशासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी मानसिक आधाराचा जो प्रकल्प सुरू केला त्याचे नाव ‘प्रेरणा’. एक नाव म्हणते शेतकऱ्याला विसावा हवा; दुसरे म्हणते त्याला चालना हवी. नावे सद्‌हेतूने दिलेली आहेत; तथापि त्यांत दोन परस्परविरुद्ध निदाने गृहीत धरली गेली आहेत, आणि ज्याच्यासाठी ती दिली तो आपल्या अवस्थेला कोणते नाव देतो याची विचारपूस दोहोंतही दिसत नाही.

५

स्थानिक भाषेतून उपकरण घडविणे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याचे उत्तर याच निबंधाच्या एका लेखकाच्या पूर्वकार्यात आहे. विक्रम पटेल यांनी झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे काम करीत असता तेथील रुग्ण आपला त्रास शोना भाषेत कसा सांगतात ते प्रथम गोळा केले आणि त्यावरून चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली सहकाऱ्यांसह सिद्ध केली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. तेथील लोकांचा ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द, म्हणजे अतिविचार, तिच्यात केंद्रस्थानी आहे. ‘लय इचार येतात’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी माणसाला हा शब्द परका वाटू नये. मार्क निक्टर यांनी १९८१ साली दक्षिण कानडा भागातील हव्यक स्त्रियांच्या बोलण्यावरून दुःखाच्या स्थानिक भाषेचा विचार मांडला, तोही आपल्या शेजारच्याच प्रदेशातला. जे शोनाला लाभले ते वऱ्हाडीला का लाभू नये?

तोपर्यंत तीन अल्प अपेक्षा पुरेशा आहेत. ज्या मराठी शब्दांत प्रश्न विचारले तो मसुदा निबंधासोबत छापावा. उत्तर देणाऱ्याचे पहिले वाक्य, गुण देण्यापूर्वी, जसेच्या तसे उतरून घ्यावे. आणि कार्यकर्तीने प्रश्न बदलून विचारला असेल तर तो दोष न मानता, तिचे वाक्य संशोधनाचे साहित्य म्हणून जपावे. मानसशास्त्र व भाषाशास्त्र या दोन विभागांनी मिळून हे काम करण्याजोगे आहे. त्यास मोठा खर्च नाही.

वलगावाजवळ, पेढीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठास आहे. बाबांचे कीर्तन हे मुख्यतः प्रश्नांचे असे: ते श्रोत्यांना कर्जाविषयी, दारूविषयी, पोरांच्या शिक्षणाविषयी विचारीत आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत. प्रश्न श्रोत्यांच्याच भाषेत असल्यामुळे सभा एकमुखाने बोले. आमच्या प्रश्नावल्यांना ते सामर्थ्य येणार नाही. परंतु मावशीला करमते की नाही हे विचारताना तिला समजेल असा शब्द वापरणे, आणि तो वापरला हे प्रांजळपणे लिहून ठेवणे, इतके तर कोणत्याही शास्त्राला शक्य आहे.