गालिचा आणि अंतरपाट

श्रावणात तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठावर बसलं की बालकवींची ‘फुलराणी’ ही कविता आठवतेच. बालकवी खानदेशातल्याच धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या पोराला ‘बालकवी’ म्हणणारे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर स्वतः वनस्पतींचे मोठे अभ्यासक होते, हे मला फार आवडतं.

शाळेत आपण सगळे फुलराणीकडे आणि तिच्या रविकिरणाकडेच पाहत राहिलो. कवीने मात्र आधी गवत अंथरलंय, फूल मागाहून आलंय. त्या गवताला तो गालिचाही म्हणतो आणि मखमलही. मला हे दोन शब्द बरीच वर्षं एकच वाटायचे. पण गालिचा पायाखालचा, मखमल हाताने कुरवाळायची. शिवाय मखमलीची लव येते ती कापल्यामुळे: विणीतून वर आलेले धाग्याचे वेढे कापले की ती उभी राहते. काठावरचं गवत हेच सांगतं. गुरांनी खुडलेलं आहे तिथे ते आखूड आणि दाट. त्यांचं तोंड पोचत नाही तिथे उंच, विरळ. शेंडा गेला की बुडातून फुटवे येतात.

गोल्फच्या मैदानावरचे माळी याच गुणावर जगतात. उष्ण मुलखात त्यांचं ‘बर्म्युडा’ गवत म्हणजे आपली हरळी. शेतकरी जिला खणून थकतो आणि गणपतीला जिच्या २१ जुड्या वाहतो, तीच. ग्रीनवरची, म्हणजे चेंडूच्या खळीभोवतीच्या आखूड हिरवळीवरची, टिफड्वार्फसारखी बुटकी जात तिच्याच संकरातून आली. ती तीन-चार मिलिमीटरवर कापतात, तरी पेरापेरातून मुळ्या सोडत ती जमीन धरून राहते.

बालकवींनी गालिचा म्हटलं खरं, पण त्यावर कुणाचं पाऊल पडू दिलं नाही. ग्रीनवर रोज पावलं पडतात, माती घट्ट होते, मुळांना हवा मिळेनाशी होते. म्हणून हरळी जोमात वाढते त्या दिवसांत पोकळ दातांच्या यंत्राने बोटाएवढ्या मातीच्या कांड्या उपटतात, भोकांत वाळू भरतात, साचलेला काडीकचरा उभ्या पात्यांनी विंचरून काढतात. काही दिवस ती मखमल देवी आलेल्या चेहऱ्यासारखी दिसते. मग भोकांच्या कडांनी हिरवं सरकत येतं. तोरणमाळच्या उतारांवर गवत असं ओरबाडून पुन्हा हिरवं करण्याचं काम चैत्राचं ऊन आणि मृगाचा पाऊस करतात: वर नुसतं वाळकं काड, पण मातीखाली गवताची कांडी जिवंत.

माळ्यांचं आणखी एक काम पहाटेचं. लांब लवचिक काठी फिरवून ते पात्यांवरचं दव झटकतात, कारण ओल्या पात्याला बुरशी धरते. हे कळल्यावर मी कवितेचा शेवट पुन्हा वाचला. तिथे लग्नघरात पक्षी गात असतात, आणि वधूवरांमध्ये धरलेला अंतरपाट असतो दवाचाच. तो दूर होतो, तेव्हा कुठे किरण फुलराणीपर्यंत पोचतो.