सशुल्क सुरक्षा आणि राज्यसंस्था
वैध बलप्रयोगाची मक्तेदारी हे राज्यसंस्थेचे लक्षण होय, असे मॅक्स वेबर यांनी १९१९ मध्ये मांडले. आपल्या वर्गांत ही व्याख्या आजही जशीच्या तशी शिकविली जाते. महाराष्ट्रातील कायदे मात्र निराळे चित्र दाखवितात. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने रोहण्यासारख्या गावांत गुन्ह्याची खबर देण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर टाकली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने खासगी सुरक्षा संस्थांना परवाने देण्याचे काम राज्यांकडे आले. २०१० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले राज्य सुरक्षा महामंडळ तर शुल्क घेऊन रक्षक पुरविते. बळावरील पकड शासनाकडेच राहिली. संरक्षण मात्र अंशतः ऐपतीची बाब झाले. वेबर यांच्या व्याख्येत या भेदाला जागा नाही. लहान ग्रामपंचायतीने हे शुल्क कोठून भरावे? तिच्या वाट्याला मानधनावरील पोलीस पाटीलच उरतो.