दोन डॉलरची सूट

२८ डिसेंबर २००८ रोजी, नाताळ उलटून गेल्यावर, अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या सुमारे अडीच हजार दुकानांत ॲपलचा आयफोन ३जी विक्रीला आला. ८ जीबीचा फोन १९७ डॉलरना, १६ जीबीचा २९७ डॉलरना. ॲपलच्या स्वतःच्या दुकानात हेच फोन १९९ आणि २९९ डॉलरना मिळत होते. त्याआधी काही आठवडे वॉलमार्ट ९९ डॉलरचा आयफोन आणणार अशी अफवा पसरली होती. स्वस्ताईसाठी प्रसिद्ध असलेल्या दुकानाने प्रत्यक्षात दिली ती दोन डॉलरची सूट.

ही घटना व्यापाराच्या इतिहासात फार मोठी नाही. तरीही एखाद्या संहितेकडे पाहावे तसे तिच्याकडे पाहिले, तर उपभोगसंस्कृतीविषयी आपण जे लिहितो त्यातली एक ठरीव समजूत तिच्यामुळे तपासता येते, असे मला वाटते. मराठीत 'भाव' हा शब्द बाजारातही चालतो आणि काव्यशास्त्रातही. एखादी वस्तू 'भाव खाते' असे आपण म्हणतो, तेव्हा किंमत आणि तोरा या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. प्रश्न असा, की भाव खाणारी वस्तू भाव पाडणाऱ्या दुकानात गेली तर नेमके काय बदलते?

याचे प्रचलित उत्तर थॉर्स्टीन व्हेब्लेन यांच्याकडून येते. १८९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात त्यांनी दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. महाग वस्तू महाग आहे म्हणूनच हवीशी वाटते. ती सर्वांच्या हाती आली की तिचा मान उतरतो. हा न्याय लावला तर वॉलमार्टमधला आयफोन म्हणजे मानाचा शेवट ठरायला हवा होता. घडले उलटे. सप्टेंबरअखेर संपणाऱ्या २००८ च्या आर्थिक वर्षात ॲपलने सुमारे १ कोटी १६ लाख आयफोन विकले, तर पुढच्या वर्षी २ कोटी ७ लाख. या वाढीचे श्रेय एकट्या वॉलमार्टला देता येणार नाही. फोन त्या काळात अनेक नव्या देशांत गेला होता. पण तोरा उतरला नाही एवढे निश्चित.

का उतरला नाही? याचे उत्तर किमतीच्या चिठ्ठीखालच्या बारीक अक्षरांत आहे. १९७ डॉलर ही फोनची किंमत नव्हती. तो एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीशी दोन वर्षांचा करार करण्याचा प्रवेशभाव होता. फोनच्या खऱ्या किमतीचा मोठा हिस्सा ही कंपनी भरत असे आणि तो ग्राहकाच्या मासिक बिलातून वसूल करत असे. सर्वांत कमी बिल, कर सोडून, महिन्याला सुमारे ७० डॉलर: बोलण्याचे ४० आणि इंटरनेटचे ३०. चोवीस महिन्यांचे झाले १,६८०. त्यात १९७ मिळवले की १,८७७. या रकमेवर दोन डॉलरची सूट म्हणजे हजारात एक डॉलर. करार मध्येच मोडला तर दंड वेगळा.

तेव्हा १९७ हा आकडा दोन अर्थांनी वाचावा लागतो. वॉलमार्टच्या किमतींच्या शेवटी ७ हा अंक वारंवार दिसतो. शेजारच्या दुकानातल्या ९ पेक्षा आपण खाली आहोत, हे तो अंक न बोलता सांगतो. येथे तो सवलत देण्यापेक्षा सही करण्याचे काम करतो. भावावर खरी सत्ता दुकानाची नाही, पण खाली नाव आमचे आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

दुकान आणि उत्पादक यांच्यातले हे नाते एका दिवसात घडलेले नाही. १९९८ च्या सुमारास ॲपलने आपली यंत्रे अमेरिकेतल्या अनेक मोठ्या साखळी दुकानांतून काढून घेतली. ती तिथे कोपऱ्यात पडून असत, विक्रेत्यांना त्यांची माहिती नसे. मे २००१ मध्ये व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया येथे कंपनीने स्वतःची पहिली दोन दुकाने उघडली. ही दुकाने उभी करणारे रॉन जॉन्सन आले होते टार्गेट या सवलतीच्या साखळीतून. तिथे त्यांनी वास्तुरचनाकार मायकेल ग्रेव्ह्ज यांच्याकडून किटल्या आणि घरगुती वस्तू घडवून घेऊन सामान्य ग्राहकापुढे ठेवल्या होत्या. ज्याला आपण उच्चभ्रू दुकान म्हणतो त्याचा शिल्पकार स्वस्ताईच्या शाळेत शिकलेला होता. पुढे २०११ साली हेच जॉन्सन जेसी पेनी या जुन्या साखळीचे प्रमुख झाले. खोटे चढवलेले भाव आणि त्यावरची खोटी सूट बंद करून त्यांनी २०१२ मध्ये सरळ एकच भाव लावला. त्या वर्षी विक्री चौथ्या हिश्शाने घटली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावे लागले. ग्राहकाला स्वस्त वस्तू हवी असते हे अर्धे खरे. आपण काहीतरी कमी करून घेतले, हा भावही त्याला हवा असतो. आपल्याकडे घासाघीस करून साडी घेणारीला हे सांगावे लागत नाही.

कायद्याचा एक योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. उत्पादकाने दुकानदारावर किमान किंमत बांधून घालणे अमेरिकेत १९११ च्या निकालापासून मुळातच बेकायदा मानले जाई. लीगिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम बदलला. असे प्रत्येक बंधन त्याच्या परिणामांवरून तपासावे, असे ठरवले. वाद होता चामड्याच्या वस्तूंचा: टेक्ससमधल्या एका लहान दुकानाने त्या वीस टक्के सवलतीने विकल्या, म्हणून उत्पादकाने माल देणे थांबवले होते. निकालाची तारीख २८ जून २००७. दुसऱ्या दिवशी, २९ जूनला, पहिला आयफोन बाजारात आला. आपल्याकडे वेष्टनावर कमाल किंमत छापतात. ग्राहकाला तिच्या वर जाण्यापासून संरक्षण असते. तिथला वाद किंमत किती खाली जाऊ द्यायची याचा होता.

आता व्हेब्लेनच्या मांडणीकडे परत येतो. माझा मुख्य आक्षेप तिच्या अर्थशास्त्राला नाही, तिच्या नावाने आपण जे लिहितो त्यातल्या माणसांच्या वर्गवारीला आहे. जून २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या काचेच्या दुकानाबाहेर लोक कित्येक दिवस घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. वृत्तपत्रांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचे वर्णन चाहते, भक्त असे झाले. दोनच महिन्यांत फोनची किंमत दोनशे डॉलरने उतरली, तेव्हा आधी घेणारे चिडले आणि कंपनीने त्यांना शंभर डॉलरची खरेदी-पावती देऊ केली. त्यांच्या रागाला उत्तर मिळाले.

दुसरी रांग २८ नोव्हेंबर २००८ ची. लाँग आयलंडवरच्या व्हॅली स्ट्रीम येथील वॉलमार्टबाहेर पहाटे पाचच्या सुमारास दोन हजारांच्या आसपास माणसे जमली होती. दार कोसळले आणि तिथे उभा केलेला ३४ वर्षांचा हंगामी कामगार चेंगरून मेला. लेहमन ब्रदर्स बुडून तेव्हा अडीच महिने झाले होते. या लोकांविषयीच्या लिखाणात जमाव, झुंड, पिसाटलेली गर्दी असे शब्द आले. कामगार-सुरक्षा खात्याने कंपनीला ७,००० डॉलर दंड केला आणि कंपनी तो वर्षानुवर्षे लढत राहिली. फौजदारी कारवाई टाळण्यासाठी झालेल्या समझोत्यात मात्र तिने सुमारे वीस लाख डॉलर आणि गर्दीच्या नियोजनाची नवी व्यवस्था मान्य केली.

त्यानंतर बरोबर एका महिन्याने त्याच साखळीत आयफोन आला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही आणि मी तो सुचवत नाही. मात्र दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या की आपल्या टीकेची भाषा उघडी पडते. सहाशे डॉलरच्या फोनसाठी बसणारा हौशी, आणि स्वस्त दूरदर्शन संचासाठी उभा राहणारा हावरा. पहिल्याच्या रांगेला दोरखंड, कॉफी आणि ओळखपत्र लावलेले कर्मचारी होते. दुसऱ्याच्या रांगेला पुरेशी व्यवस्था नव्हती. शिस्त हा स्वभावाचा गुण मानून आपण लिहितो, तेव्हा ती बऱ्याच अंशी विकत घेतलेली सोय असते हे विसरतो.

आपल्याकडे हा विषय परका नाही. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन ३जी भारतात आला तो ३१,००० रुपयांना. १९९ डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ हजारांच्याही आत. त्यामुळे इथल्या ग्राहकाला आपण लुबाडलो जातोय असे वाटले. वास्तविक इथला आकडा उघडा होता आणि तिथला झाकलेला. पुढे आपल्याकडेही झाकण्याची कला आली. 'बिनव्याजी हप्ता' हे तिचे नाव. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेला २०१३ साली परिपत्रकातून बँकांना सांगावे लागले. दिवाळीतल्या जाहिरातींत हप्त्याचा आकडा ठळक आणि एकूण किंमत बारीक असते, ती त्याच घराण्याची रीत.

म्हणून चंगळवादावरचे आपले लेख मला अपुरे वाटतात. ते घेणाऱ्याच्या मोहाचे वर्णन मन लावून करतात. भाव कोणी ठरवला, तो कोठे लपवला आणि दार उघडायला कोणाला उभे केले, हे विचारत नाहीत. मोहाचे परीक्षण करणे सोपे असते, कारण मोह नेहमी दुसऱ्याचा असतो. बिलाचे परीक्षण करायला बेरीज करावी लागते. समीक्षेने ती करायला हरकत नसावी.