दामले-फत्तेलाल : एका जोडनांवाचा विचार

मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या इंग्लंडातील जोडीने आपल्या बोलपटांच्या श्रेयनामावलीत लेखन, निर्मिती व दिग्दर्शन या तिन्हींसाठी दोघांची नांवे एकत्र घातली. कोणी काय केले याचा हिशेब प्रेक्षकास दिला नाही. २०२३ च्या अखेरच्या महिन्यांत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्यांचे चित्रपट देशभरच्या चित्रगृहांतून पुन्हा दाखविले. खातेगांवी बसून ही वार्ता वाचताना आम्हांस आपल्याच एका जोडीचे स्मरण झाले.

विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल हे दोघे कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. १९२८ चा 'महारथी कर्ण' त्यांनी तेथेच मिळून दिग्दर्शित केला. १९२९ साली निघालेल्या 'प्रभात'च्या पाच संस्थापकांतही ते होते. दामल्यांचा ओढा यंत्राकडे व ध्वनीकडे, फत्तेलालांचा नेपथ्याकडे. एक ब्राह्मण, दुसरा मुसलमान. आणि महाराष्ट्राने हात जोडून पाहिलेले 'संत तुकाराम' (१९३६) व 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) या दोघांच्या हातचे! ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते, हे आम्हांस खटकते.

'तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, हे अनेकांस पाठ असते. आमच्या मते त्याचे मोठेपण जिजाईत आहे. मुलाच्या दुखण्याने पोळलेली ती माउली वहाण उगारून विठोबास जाब विचारू लागते, तेव्हा गौरीच्या त्या रुद्र मुद्रेपुढे विष्णुपंत पागनिसांचा शांत तुकाराम फिका पडत नाही, उलट अधिक खरा वाटतो. चमत्कारांचे प्रसंग आज भाबडे दिसतात, दिसोत बापडे. वैकुंठाइतकीच आस्था येथे चुलीला आणि म्हशीलाही मिळाली आहे. शेवटी तुकोबा विमानात बसतात आणि जिजाई पृथ्वीवरच राहते. यातला संत कोणाचा आणि संसार कोणाचा, अशी वाटणी करू जाणे व्यर्थ होय. याच चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेले एक पद पुष्कळांनी तुकोबांचाच अभंग मानले. कर्तृत्व विरघळून जाण्याची याहून मोठी पावती कोणती?

१९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या कृत्यास प्रत्येक भागीदार इतरांसह आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. दायित्वाविषयी कायदा इतका स्पष्ट. श्रेयाचा प्रश्न आला की टीकाकार मात्र एकच मालक शोधतो. शांतारामबापूंची थोरवी आम्हांस मान्य आहे, पण 'प्रभात' म्हणजे तेवढेच एक नांव नव्हे.

म्हणून दामले-फत्तेलालांचे चित्रपटही असेच गांवोगांव दाखविले जावेत, आणि ती फेरी पुण्या-मुंबईस संपू नये. देवास-धारच्या पवारांच्या व इंदूरच्या होळकरांच्या काळी माळव्यात आलेल्या मराठी घरांतली नवी पिढी मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते. तिच्यासाठी प्रारंभ 'गोपालकृष्ण'ने (१९३८) करावा. तो मराठी व हिंदी दोन्हींत निघाला होता. दुसऱ्या दिवशी 'तुकाराम', तोही मोठ्या पडद्यावर; भ्रमणध्वनीच्या काचेवर ती जिजाई मावत नाही. एवढी मात्र विनंती, की खेळ वेळेवर सुरू करून दारे लावून घ्यावीत. त्या काळच्या चित्रपटांत श्रेयनामावली आरंभीच येते, आणि आमच्याकडील मंडळींना उशिरा येण्याची फार खोड आहे.