नव्याची शिफारस

समीक्षेची कामे दोन. जी कला काळाच्या ओघात टिकून राहिली आहे तिचा अर्थ लावणे व तिचे मूल्य पुनःपुन्हा तपासून पाहणे हे पहिले. आणि जी अजून कोणत्याच कसोटीला लागलेली नाही तिच्याकडे रसिकांचे लक्ष वेधणे हे दुसरे. पहिल्या कामाला समीक्षा म्हणतात. दुसऱ्याला परिचय, पुरस्कार किंवा फार तर शिफारस म्हणतात, आणि ते दुय्यम समजण्याचा प्रघात आहे. हा प्रघात तपासून पाहण्याजोगा आहे. मान्य झालेल्या कलाकृतीविषयी लिहिणाऱ्याच्या पाठीशी पूर्वसूरींचे अभिप्राय उभे असतात. त्याचा निर्णय चुकला तरी तो एकटा चुकत नाही. शिफारस करणाऱ्याला मात्र स्वतःच्या कानाखेरीज आणि स्वतःच्या विवेकाखेरीज दुसरा आधार नसतो. अशा स्थितीत दिलेला निर्णय चांगला की वाईट हे कशावरून ठरवावे? शिफारस केलेला कलावंत पुढे नावारूपाला आला म्हणजे ती खरी, आणि विस्मृतीत गेला म्हणजे खोटी, असे सरसकट मानले जाते. हा निकष अपुरा आहे, हे इंग्लंडमधील स्वतंत्र बँडांच्या इतिहासावरून चांगले दिसून येते.

येथे 'बँड' म्हणजे लग्नाच्या वरातीतला बँड नव्हे. चार-पाच तरुणांनी एकत्र येऊन स्वतः गीते रचावीत, स्वतःच वाजवावीत आणि गावीत, असा हा गट असतो. अशा गटांना लावले जाणारे 'इंडी' हे विशेषण 'इंडिपेंडंट' या शब्दाचा संक्षेप असून मुळात ते शैलीचे नाव नव्हते. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने आप्तमित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. पहिल्या खेपेला तिच्या १००० प्रती निघाल्या. मोठ्या कंपनीच्या दारात उभे न राहताही ध्वनिमुद्रिका काढता येते, हे या घटनेने अनेकांना दाखवून दिले. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांच्या खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यात प्रवेश मिळण्याची अट एकच होती: ध्वनिमुद्रिकेचे वितरण मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेमार्फत झालेले नसावे. संगीत कोणत्या जातीचे आहे याचा तेथे प्रश्नच नव्हता. याचा परिणाम असा झाला की पूर्वी कंपन्यांच्या कचेऱ्यांत होणारी निवड तेथे होईनाशी झाली आणि ती जबाबदारी श्रोत्यावर येऊन पडली. दर आठवड्याला निघणाऱ्या अनोळखी ध्वनिमुद्रिकांच्या राशीपुढे नवखा श्रोता उभा राहिला. त्याला वाटाड्याची गरज भासू लागली.

ही गरज ज्याने सर्वांत दीर्घकाळ भागवली तो जॉन पील हा बीबीसीच्या नभोवाणीवरील निवेदक होता. १९३९ मध्ये जन्मलेला पील समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून चालणाऱ्या 'रेडिओ लंडन' या खाजगी केंद्रावरून बीबीसीत आला. १९६७ मध्ये 'रेडिओ वन' सुरू झाले तेव्हापासून २००४ च्या ऑक्टोबरात पेरू देशात त्याचे निधन होईपर्यंत तो त्या केंद्रावर होता. त्याने समीक्षेचे सिद्धान्त मांडले नाहीत. तथापि त्याच्या कार्यपद्धतीत शिफारशीचा एक संपूर्ण विचार सामावलेला आहे.

या पद्धतीचा गाभा म्हणजे बीबीसीत खास त्याच्या कार्यक्रमासाठी होणारी ध्वनिमुद्रणे. ती प्रथा सौंदर्यदृष्टीतून निर्माण झाली नाही. ध्वनिमुद्रिका किती तास वाजवाव्यात यावर पूर्वी बीबीसीला कराराने मर्यादा घातलेली होती. उरलेला वेळ प्रत्यक्ष वादकांकडून भरून घ्यावा लागे. पीलच्या कार्यक्रमाने या अडचणीचे साधन केले. एखाद्या बँडला बोलावून घ्यावयाचे, सामान्यतः एका दिवसात चार गीते मुद्रित करावयाची आणि ती प्रसारित करावयाची, असा क्रम पडला. पुष्कळशा बँडांची त्यापूर्वी एकही ध्वनिमुद्रिका निघालेली नसे. अशी चार हजारांहून अधिक सत्रे पार पडली. समीक्षेच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. पील श्रोत्याला 'हा बँड चांगला आहे' एवढेच सांगून थांबत नसे; तो त्याच्यापुढे चार गीतांचा पुरावा ठेवत असे. एका गीताने दिपून जाता येते, चार गीतांत मात्र बँडची ताकद आणि उणीव दोन्ही उघडी पडतात. शिवाय ही गीते घाईने, फारशी रंगसफेदी न करता मुद्रित झालेली असत. त्यामुळे बँड मुळात काय आहे ते श्रोत्याला जवळून ऐकता येई.

दुसरी गोष्ट मांडणीची. पीलच्या कार्यक्रमात उत्तर इंग्लंडमधील गिटारवादकांच्या शेजारी जमैकाचे रेगे येई आणि त्यानंतर आफ्रिकेतील एखादी ध्वनिमुद्रिका. या शेजाराचे स्पष्टीकरण दिले जात नसे. मधले निवेदन थोडके आणि बहुधा स्वतःचीच थट्टा करणारे असे. ध्वनिमुद्रिका चुकीच्या गतीने वाजवण्याबद्दल तर हा निवेदक प्रसिद्धच होता. अधिकारवाणीचा असा अभाव हा केवळ स्वभावविशेष मानणे पुरेसे नाही. शिफारस करणारा जेव्हा चढ्या सुरात बोलू लागतो तेव्हा श्रोता गीत ऐकण्याऐवजी अभिप्राय ऐकू लागतो आणि पुढे गीतात तो अभिप्रायच शोधत राहतो. पीलच्या थोडक्या बोलण्याने नापसंतीचा हक्क श्रोत्याकडे राहिला.

त्याच्या यशाचे जे उदाहरण नेहमी दिले जाते ते उत्तर आयर्लंडमधील डेरी गावच्या 'अंडरटोन्स' या बँडचे. बेलफास्टच्या 'गुड व्हायब्रेशन्स' या छोट्या संस्थेने १९७८ मध्ये त्यांचे 'टीनएज किक्स' हे गीत काढले. पीलने ते एकाच कार्यक्रमात लागोपाठ दोनदा वाजवले आणि अल्पावधीत 'सायर' या अमेरिकन कंपनीने बँडशी करार केला. हे उदाहरण रम्य आहे, परंतु त्यावरून शिफारशीचे मूल्य ठरवू गेल्यास फसगत होते. शेफील्डच्या 'पल्प' या बँडचे सत्र १९८१ च्या नोव्हेंबरात झाले. त्या वेळी बँडचा गायक जार्व्हिस कॉकर १८ वर्षांचा होता. त्यांच्या 'कॉमन पीपल' या गीताने सारे ब्रिटन जिंकले ते १९९५ मध्ये. मधल्या १४ वर्षांच्या काळात कोणी पीलच्या निवडीचा हिशेब मांडला असता तर ती चुकली असेच त्याने म्हटले असते. आणि सत्रे झालेल्या बहुसंख्य बँडांना तर 'पल्प'चे भाग्य कधीच लाभले नाही. एखादा बँड एका दिवसात चार गीते वाजवून गेला, दोन वर्षांनी मोडला आणि त्याचे वादक इतर व्यवसायांत विरून गेले. म्हणून त्या दिवशीची ती चार गीते असत्य ठरतात काय? शिफारस हे भाकीत असेल तर ठरतील. परंतु 'येथे, आता, ऐकण्याजोगे काही घडले आहे' एवढेच जर तिचे म्हणणे असेल, तर पुढील इतिहास तिला खोडून काढू शकत नाही.

मँचेस्टरच्या 'फॉल' या बँडचे उदाहरण आणखी वेगळे आहे. १९७८ ते २००४ या काळात या बँडची २४ सत्रे झाली. मार्क स्मिथ हा गायक सोडला तर वादक सतत बदलत राहिले. लोकप्रियता मर्यादितच राहिली. 'नवे' म्हणजे केवळ 'नुकतेच निघालेले' असे पील मानत असता तर दुसऱ्या-तिसऱ्या सत्रानंतर तो दुसरीकडे वळला असता. या निष्ठेवरून दिसते ते हे की नवीनता बँडच्या वयात नसून त्याच्या पुढच्या गीतात असते, आणि शिफारस करणाऱ्याने पुन्हा मागे वळून ऐकण्याची तयारी ठेवली पाहिजे.

याउलट, सद्हेतूने केलेली शिफारसही कशी घातक ठरते याचे उदाहरण 'सी ८६' या ध्वनिफितीत सापडते. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने १९८६ मध्ये २२ स्वतंत्र बँडांचे प्रत्येकी एक गीत घेऊन ही फीत काढली. तीत 'पेस्टल्स' आणि 'शॉप असिस्टंट्स' यांच्यासारखे सुरेल, किणकिणत्या गिटारचे बँड होते. तसेच 'स्टंप' आणि 'बॉगशेड' यांच्यासारखे मुद्दाम ओबडधोबड, तुटक लयीत वाजवणारेही होते. परंतु फितीचे नाव हेच हळूहळू एका शैलीचे नाव बनले. किणकिणती गिटार, कोवळा आवाज, थोडासा बालिशपणा म्हणजे 'सी ८६', असे समीकरण रूढ झाले. जे बँड त्या समीकरणात बसत नव्हते ते स्मरणातून गळाले, आणि जे बसत होते त्यांना त्यातून बाहेर पडण्यासाठी झगडावे लागले. 'प्रायमल स्क्रीम' हा बँड या फितीत दीड मिनिटाहून लहान गीत घेऊन आला होता. १९९१ च्या 'स्क्रीमाडेलिका' या ध्वनिमुद्रिकेत त्याने नृत्यसंगीताशी नाते जोडून ते कुंपण ओलांडले. सर्वांना ते जमले नाही. मराठी वाचकाला हा अनुभव परका वाटू नये. 'शब्द', 'असो', 'वाचा' या लघुअनियतकालिकांनीही स्वतःच्या बळावर नव्यांना वाट करून दिली होती. पुढे 'साठोत्तरी' या एकाच कालवाचक नावाखाली अरुण कोलटकर, नामदेव ढसाळ आणि भालचंद्र नेमाडे यांच्यासारखे परस्परांहून अगदी भिन्न प्रकृतीचे लेखक एकत्र बांधले गेले. नाव ठेवण्याची सोय ऐकण्याचे किंवा वाचण्याचे श्रम वाचवते, आणि तेवढ्याच प्रमाणात कलाकृती हिरावून घेते.

पीलच्या पद्धतीलाही मर्यादा होत्याच. एका देशात नव्या संगीताचा दरवाजा बव्हंशी एकाच माणसाच्या हाती असावा ही निकोप स्थिती नव्हे. श्रोत्यांचे कान मोकळे करण्यातही त्याला पूर्ण यश आले असे म्हणता येणार नाही. १९७६ पासून श्रोत्यांच्या मताने ५० आवडत्या गीतांची यादी त्याच्या कार्यक्रमात होऊ लागली. पहिल्या यादीच्या शिरोभागी 'लेड झेपेलिन'चे सर्वपरिचित गीत आले. पुढच्या काळात जुनी नावे गेली, तरी याद्यांवर गिटार वाजवणाऱ्या गोऱ्या तरुणांचाच वरचष्मा राहिला. रेगेला आणि आफ्रिकी संगीताला तेथे फारशी जागा मिळाली नाही. या निकालांनी पील वेळोवेळी खट्टू झाला, तथापि यादी श्रोत्यांच्या मताप्रमाणेच वाचली गेली. श्रोत्याला नकाराचा हक्क दिला की त्याचा उपयोग होणारच, हे त्याने मान्य केले होते.

आज हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. गीतांचा साठा अमर्याद झाला असून वाटाड्याचे काम मुख्यतः यंत्राकडे गेले आहे. २०१५ मध्ये 'स्पॉटिफाय'ने प्रत्येक श्रोत्याला दर सोमवारी त्याच्यासाठी निवडलेल्या गीतांची यादी देण्यास आरंभ केला. याने अनेक अप्रसिद्ध बँडांना दूरदेशीचे श्रोते मिळाले हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्र श्रोत्याच्या पूर्वीच्या ऐकण्यावरून पुढचे ठरवते, आणि नवखा श्रोता तर पूर्वेतिहास नसलेला श्रोता असतो. ज्याची त्याला कल्पनाच नाही अशा गोष्टीच्या शेजारी त्याला नेऊन बसवणे, हे यंत्राच्या साधर्म्याच्या गणितात सहजी बसत नाही. शिवाय निवडीमागील कारण अदृश्य असते. २०२० मध्ये त्याच कंपनीने अशी योजना जाहीर केली की मानधनात कपात मान्य केल्यास गीताची शिफारस होण्याची शक्यता वाढावी. २०२४ पासून तर मागील बारा महिन्यांत १००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गीताला ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळत नाही. 'बझकॉक्स'च्या पहिल्या खेपेच्याही प्रती १००० च होत्या. एकेकाळी ज्या आकड्यापासून आरंभ होत असे, तो आकडा आता उंबरठा झाला आहे. अशा वेळी माणसाने केलेली शिफारस ही हौस राहत नाही. नवख्या बँडच्या जगण्या-मरण्याशी तिचा संबंध येतो.

म्हणूनच तिच्यावर काही बंधने असावीत. नव्या बँडची शिफारस करणाऱ्याने विशेषणांऐवजी पुरावा द्यावा, आणि तो एका गीताहून अधिक असावा. बँडला गटाचे नाव चिकटवण्याची घाई करू नये. आपली निवड कोणाच्या लाभासाठी आहे हे झाकून ठेवू नये. आणि श्रोत्याने ऐकून मान हलवून नकार दिला तर आपले काम फसले असे समजू नये. तो नकार जर स्वतःच्या कानाने दिलेला असेल, तर एक रसिक घडण्यास आरंभ झाला आहे.