‘आजीबाई’ आणि आज्ञा

परदेशी पाऊल ठेवणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ख्रिस्तमंदिर लवकर सापडते. ख्रिस्तसभा सापडायला वेळ लागतो. पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार (संकलन : सिस्टर जेराल्डिन, संपादन : अ. भि. शहा, १९७७) वाचताना ह्याचे प्रत्यंतर येते.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयाने राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिनना त्या ‘आजीबाई’ म्हणत. परमुलखात जोडलेले हे मराठी नाते ह्या पत्रांचा प्राण होय. परंतु आजीबाईंना आज्ञाधारक नात हवी होती आणि रमाबाईंना विचारण्याची मुभा. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट कळविले.

आम्ही स्वतः धर्मगुरू. प्रथम वाचनी आमचा कौल सिस्टरांकडे गेला. त्यांची तळमळ खरी आहे. विरोधी उत्तरेही त्यांनी जपून ठेवली, हा त्यांचा मोठेपणा. मात्र त्रैक्याविषयीच्या शंकेला त्या अहंकार समजतात, तेथे पत्रांतील ओलावा आटतो.

अमरावती-अकोल्याहून परदेशी निघालेल्या तरुणांना आम्ही बाप्तिस्म्याचा दाखला देतो. त्याने दार उघडेल. आत शंका विचारता येईल की नाही, हे यजमानांवर अवलंबून. आमच्याही मंदिरात शेवटच्या बाकावर परप्रांतातून आलेले कोणी बसलेले असते. त्यांना आम्ही आजवर कितीसे बोलू दिले?