बाहुल्याचा दुसरा अवतार

सांगलीचे नाव मराठी नाटकाच्या जन्माशी निगडित आहे, हे शाळेतील मुलासही ठाऊक असते. १८४३ साली श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी तेथे ‘सीता स्वयंवरा’चा खेळ केला. परंतु हेच विष्णुदास लाकडी बाहुल्या घडविण्यातही कुशल होते, आणि त्यांच्या बाहुल्यांना पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर आणले, ही गोष्ट त्या मानाने थोड्यांस माहीत आहे. त्याच पाध्ये यांच्या हातून मराठी चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध बाहुला, तात्या विंचू, हाही चालला-बोलला. तेव्हा एका हसवणुकीच्या चित्रपटातील बाहुल्याविषयी गंभीरपणे चार शब्द लिहिणे कोणास अनुचित वाटले, तर त्यांनी हे गोत्र ध्यानात घ्यावे. शिवाय सातारा-सांगलीकडील अशी घरे थोडीच असतील, की जेथे श्री. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहिलेला नाही. आम्ही तो किती वेळा पाहिला याची गणती ठेवलेली नाही. त्याचा दुसरा भाग २०१३ साली आला. त्याविषयी आमचे मत स्पष्टपणे मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ चित्रपटाचे मर्म काय, ते पाहू. १९९३ सालच्या त्या चित्रपटाची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ ह्या १९८८ सालच्या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली आहे, हे उघड आहे. मरणोन्मुख गुन्हेगार मंत्रबळाने आपला आत्मा बाहुल्यात घालतो, ही कल्पना तेथलीच. परंतु तेथे ते लहान मुलाच्या खेळण्यातले बाहुले होते. मराठीत त्याचा शब्दभ्रमकाराचा बोलका बाहुला झाला, आणि ह्या एका फरकाने सर्व कथेचा रंग पालटला. बोलका बाहुला बोलणारच! त्याच्या बोलण्यात कोणास नवल वाटत नाही. म्हणून बिचारा लक्ष्या ‘बाहुला आपण होऊन बोलतो’ असे कंठरवाने सांगतो, तेव्हा गाव हसते. आणि गावाबरोबर आपणही हसतो, खरे काय ते ठाऊक असूनही हसतो. भय आणि विनोद येथे एकाच वाक्यातून जन्म पावतात. ही केवळ उसनवारी नव्हे; उसन्या बियाणास आपल्या मातीचे आलेले हे पीक आहे.

आता शब्दभ्रमाच्या कलेचे रहस्य असे, की आवाज खरोखर कोठेही फेकला जात नाही. कलावंत ओठ न हलविता बोलतो, आणि त्याच वेळी बाहुल्याकडे अशा नजरेने पाहतो, की आपलीही दृष्टी तिकडेच वळावी. म्हणजे बाहुल्यास जीव देतो तो त्याच्याकडे पाहणारा माणूस. पहिल्या भागात हे काम लक्ष्मीकांत बेर्डे यांनी केले. दिलीप प्रभावळकर यांचा तो घोगरा, खवचट आवाज अप्रतिम खराच. पण त्या आवाजाला समोरून उत्तर देणारे बेर्डे यांचे विस्फारलेले डोळे, कोरडा पडलेला घसा आणि अडखळणारे शब्द नसते, तर तो आवाज नुसता ध्वनी राहिला असता. आमच्याकडील तमाशाच्या रसिकांस हे निराळे सांगावयास नको. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे बंधू फडावर उभे राहत, तेव्हा एकाने टाकलेल्या शब्दाची खरी गंमत दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटे. विनोद हा दोघांचा व्यवहार आहे. भयाचेही तसेच आहे.

दुसऱ्या भागाचे गुण आधी सांगितले पाहिजेत. मराठीतील पहिला त्रिमिती चित्रपट म्हणून तो गाजला, आणि मराठी निर्मात्याने असे धाडस करावे हे कौतुकास्पदच होते. प्रभावळकर यांचा आवाज वीस वर्षांनीही तसाच धारदार आहे. बाहुला पडद्यावर प्रथम येतो, तेव्हा जुना वैरी भेटल्याचा जो विलक्षण आनंद होतो, तो आम्हांसही झाला. मकरंद अनासपुरे आपल्या परीने हशा पिकवितात.

असे असता चित्रपट संपल्यावर मन रिते का राहते? आमच्या मते त्याचे कारण कथेच्या मुळाशीच आहे. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी निवर्तले. त्यामुळे कथेतील लक्ष्याही हयात नाही, आणि तात्या विंचू आता त्याच्या मुलाच्या, आदित्यच्या, मागे लागतो. ही योजना तर्कास धरून आहे. परंतु आदिनाथ कोठारे यांनी रंगविलेला हा आदित्य पडला नायक: देखणा, धीट, आजच्या काळातला. नायकाने फार भ्यावयाचे नाही, असा आपल्या चित्रपटांचा संकेत. म्हणून भिण्याचे काम वाटून दिले गेले, आणि ते मुख्यतः अनासपुरे यांच्याकडे आले. परिणाम असा झाला, की ज्याच्या जिवावर बेतले आहे तो पुरेसा भीत नाही, आणि जो भितो त्याच्या जिवावर फारसे बेतलेले नाही. लक्ष्याच्या ठायी संकट आणि भीती ही दोन्ही एकाच देहात होती. मुलाकडे बापाचे भूत वारशाने आले. बापाचे भय मात्र आले नाही.

ही उणीव त्रिमितीने भरून काढावी, असे योजकांस वाटले असावे. बाहुला पडद्याबाहेर झेपावतो आणि आपण दचकतो. पण दचकणे निराळे आणि भिणे निराळे. पुसेगावच्या किंवा पालीच्या जत्रेत हिंडलेल्या माणसास हा भेद उत्तम कळतो: उंच पाळणा खाली येताना पोटात गोळा येतो, आणि खाली उतरताच तो ओसरतो, घरी जाताना आपण त्याचा विचारही करीत नाही. उलट, पहिला ‘झपाटलेला’ पाहून आलेली मुले रात्री फडताळातील बाहुलीकडे पाठ करून निजत नसत. त्या चित्रपटाला खोली होती ती पडद्याची नव्हे, पात्रांच्या परस्परसंबंधांची.

यावर कोणी म्हणेल, की बेर्डे आता आणावयाचे कोठून? आक्षेप रास्त आहे. आणि कोणी त्यांची नक्कल करावी, असे आमचेही म्हणणे नाही. पण दिग्दर्शकाच्या हाती एक पात्र होते, त्याचा उपयोग व्हावा तितका झाला नाही, ही आमची खरी तक्रार आहे. मधू कांबीकर यांची पारूबाई, म्हणजे लक्ष्याची आई, ह्या भागातही आहे. मुलाच्या बोलण्यावर एके काळी गावाने विश्वास ठेवला नव्हता, त्या मुलाची ही माता. आता तिच्या नातवाच्या वाट्याला तेच येते. बाहुला खरा आहे हे जाणणाऱ्या मोजक्या माणसांपैकी ती एक. तिच्या डोळ्यांनी आपण तात्यास पाहिले असते, तर हसता हसता आपला कंठ दाटला असता, आणि गेलेल्या लक्ष्याची जागा रिकामी असूनही भरलेली वाटली असती.

वारसा कसा चालवावा, याचा धडा खुद्द बाहुल्यांच्या घरातच आहे. यशवंत केशव पाध्ये यांचा अर्धवटराव पुत्र रामदास यांच्याकडे आला, आणि पुढे नातू सत्यजित हेही त्याच कलेत उतरले. बाहुला तोच, परंतु प्रत्येक पिढीस त्याच्याशी आपले स्वतःचे संभाषण नव्याने जुळवावे लागले. वडिलांचे संवाद पाठ म्हणून भागले नसते.

‘झपाटलेला २’ हा टाकाऊ चित्रपट नव्हे. घरातील मंडळींनी एका संध्याकाळी एकत्र बसून पाहावा, दोन घटका हसावे, इतके त्यात निश्चित आहे. परंतु पहिला भाग आम्ही पुनःपुन्हा पाहतो, आणि दुसरा एकदा पाहून ठेवून देतो, हा फरक कोणत्याही यंत्राने मिटणारा नाही. यापुढे कोणी तात्यास पुन्हा उठवू म्हणेल, तर त्याने बाहुल्याची चिंता करू नये. तो पाध्ये यांच्या कलेने समर्थपणे उठून बसेल. चिंता करावी ती त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाची. विष्णुदासांच्या सांगलीपासून चालत आलेली गोष्ट इतकीच आहे, की लाकडाला जीव येतो तो त्याच्याकडे विश्वासाने पाहणारा कोणीतरी असतो म्हणून.